पोरकी प्यूजो: कल्याणची आलिशान मोटार आणि रत्नागिरीचा रस्ता

#थ्रेड

१९९४ साली कल्याणजवळच्या एका कारखान्यातून फ्रेंच बनावटीची एक देखणी मोटार बाहेर पडू लागली. १९९७ साली तिची जन्मदाती कंपनी हा देश सोडून गेलेली होती. मधल्या तीन वर्षांत ज्यांनी साठवणीतला पैसा घालून ही मोटार घेतली, त्यांच्या दारात एक आलिशान, पण पोरके वाहन उभे राहिले. ती मोटार म्हणजे प्यूजो ३०९. तिच्या मालकांची दैना मुंबईत बसून नीटशी कळत नाही. त्यासाठी रत्नागिरीत जाऊन उभे राहावे लागते.

रत्नागिरी मुंबईपासून साडेतीनशे किलोमीटरच्या आतबाहेर. परंतु कोकणात अंतर किलोमीटरमध्ये मोजण्यात अर्थ नसतो. ब्रह्मदेशाच्या पदच्युत थिबा राजाला १८८६ साली इंग्रजांनी इथे आणून ठेवले, त्यामागे हे गाव जगापासून तुटलेले आहे, हाच हिशेब होता. पुढे कित्येक दशके इथला माणूस आगबोटीने ये-जा करीत राहिला. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली ती २६ जानेवारी १९९८ रोजी. म्हणजे आपल्या गोष्टीतील मोटार जन्मून पोरकी होईपर्यंत रत्नागिरीला रेल्वेची पूर्ण वाट नव्हती. होता तो मुंबई-गोवा महामार्ग, तेव्हाचा क्रमांक १७.

हा रस्ता मोटारीची परीक्षाच घेई. पोलादपूर सोडले की कशेडीचा घाट, तो उतरून खेडजवळ भोस्ते घाट, चिपळुणाच्या तोंडाशी परशुराम घाट. मग संगमेश्वर, निवळी आणि हातखंबा. तिथून फाटा फुटून रत्नागिरी शहर. पावसाळ्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, उरलेल्या दिवसांत समुद्रावरचा खारा वारा. लोखंडाला गंज चढायला याहून अनुकूल हवा शोधून सापडायची नाही.

या परीक्षेत जुनी फिएट कशी उत्तीर्ण होत होती, ते आधी पाहावे लागते. त्याशिवाय प्यूजोचे अपयश उमगत नाही.

सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली. जहाज, विमान आणि मोटार हे तिन्ही उद्योग हिंदुस्थानात उभे राहावेत, हा त्या माणसाचा ध्यास. कुर्ल्याच्या कारखान्यात प्रथम अमेरिकन क्रायस्लर कंपनीच्या डॉज, प्लिमथ अशा गाड्या जोडल्या गेल्या. मग इटलीच्या फिएटशी करार झाला. फिएट ११०० हिनेच पुढे १९७४ साली ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव धारण केले. इंजिन १,०८९ सीसीचे, गिअरचा दांडा सुकाणूच्या चाकाला लागून, आणि दारात यायला नोंदणीनंतर वर्षानुवर्षांची प्रतीक्षा.

ही गाडी निर्दोष होती, असे मुळीच नाही. देशी मोटारींच्या दर्जाविषयी मालकांची ओरड एवढी वाढली की १९६७ साली केंद्र सरकारला त्याची चौकशी करण्यासाठी खास समिती नेमावी लागली. नवी गाडी घेतल्यावर ती प्रथम गॅरेजमध्ये नेऊन नीट करून घ्यायची, हा त्या काळचा सर्वमान्य रिवाज. नाराज मालकाला दुसरी गाडी मिळण्याची सोय मात्र नव्हती. बाजारात पर्याय दोन-तीन, आणि सगळे त्याच कुळीतले.

तरीही कशेडीच्या घाटात फिएट बंद पडली, तर चालक घाबरत नसे. उन्हात चढण चढताना पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटे. मग बॉनेट उघडायचे, इंधनपंपावर ओले फडके ठेवायचे, दहा मिनिटे झाडाच्या सावलीत बसायचे आणि पुन्हा निघायचे. रेडिएटरला पाणी, पॉइंटला पॉलिश पेपर, एवढ्यावर निम्मे आजार बरे होत. उरलेल्यांसाठी महाड, चिपळूण, संगमेश्वर अशा प्रत्येक मोठ्या गावात फिएटची नाडी ओळखणारा मेकॅनिक होता. मुंबईत हजारो काळ्या-पिवळ्या टॅक्सी याच जातीच्या. त्यामुळे कुर्ल्याच्या सीएसटी रस्त्यावर किंवा ऑपेरा हाउसच्या बाजारात तिचा कुठलाही सुटा भाग मिळे. रात्रीच्या एसटीने तो पार्सल म्हणून सकाळी रत्नागिरीत पोहोचे. फिएट वरचेवर बिघडे खरी, पण वाटेत कायमची उभी राहत नसे. या दोन गोष्टींतला फरक पुढे फार महागात पडणार होता.

ऐंशीच्या दशकात पैसेवाल्या गिऱ्हाइकाला काहीतरी वेगळे हवेसे झाले. हिंदुस्थान मोटर्सने १९८४ साली काँटेसा आणली. रुंद, लांब, रुबाबदार. पण सुरुवातीला तिच्या पोटात होते १,४८९ सीसीचे जुनेच इंजिन. त्या अवाढव्य अंगाला ते ओढवेना. पुढे जपानच्या इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन बसवले, तेव्हा कुठे गाडीला जीव आला. प्रीमियरने १९८५ साली उत्तर दिले ते ११८ एनई या गाडीने. अंग फिएट १२४ या इटालियन गाडीचे, म्हणजे साठच्या दशकातले. इंजिन निसानचे, १,१७१ सीसीचे. आत वातानुकूलन, मऊ आसने. ‘लक्झरी’ या शब्दाचा त्या काळातील अर्थ एवढाच होता, आणि तोही लोकांना पुष्कळ वाटे.

१९९१ साली उद्योगधोरण बदलले. १९९३ मध्ये प्रवासी मोटारींचा धंदा परवान्यातून मुक्त झाला आणि परदेशी कंपन्यांची रीघ लागली. त्यांत पहिल्या काहींपैकी एक फ्रान्सची प्यूजो. तिने हात धरला प्रीमियरचा. ‘पाल-प्यूजो’ ही संयुक्त कंपनी निघाली आणि प्रीमियरच्या कल्याणच्या कारखान्यात ३०९ तयार होऊ लागली.

इथे एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. ३०९ ही युरोपात १९८५ साली आलेली आणि भारतात येईतो तिथल्या बाजारातून जवळजवळ निवृत्त झालेली गाडी. फ्रान्समध्ये ती शाळामास्तराची, दुकानदाराची साधी कौटुंबिक मोटार. समुद्र ओलांडून आली आणि आलिशान झाली. त्या वर्षांत हा प्रकार सर्रास चाले. पुण्यात १९९५ साली बनू लागलेली मर्सिडीजही जर्मनीत त्याच वर्षी वारसदाराला जागा देणारी होती.

पण गाडी म्हणून ३०९ उत्तम होती, हे मान्य करावेच लागेल. ओढ पुढच्या चाकांना, पेट्रोलचे इंजिन १.४ लिटरचे, शिवाय १,५२७ सीसीचे काटकसरी डिझेल इंजिन. खड्ड्यांवरून ती जशी अलगद जाई, तसे सुख फिएट वा अँबॅसिडरमध्ये वाढलेल्या पिढीने अनुभवलेले नव्हते. ज्याने ती पहिल्यांदा कशेडीतून चालवली असेल, त्याला वळणावळणाचा तो घाट सपाट झाल्यासारखा वाटला असेल.

रत्नागिरीच्या एखाद्या आंबा-व्यापाऱ्याने किंवा डॉक्टराने १९९५ साली ही गाडी घेतली असे मानू. त्याचे पहिले वर्ष मजेत गेले असते. मग लहानसहान गोष्टी सुरू झाल्या असत्या. फिएटच्या इंजिनात टायमिंगसाठी साखळी असे. या इंजिनात पट्टा. तो ठरावीक अंतरानंतर बदलावाच लागतो. न बदलता तुटला, तर व्हॉल्व्ह वाकतात आणि इंजिन उघडावे लागते. गावातल्या कुशल मेकॅनिकलाही हे कोणी शिकवलेले नव्हते. तो मूर्ख नव्हता. त्याच्याकडे ना या गाडीची हत्यारे होती, ना पुस्तिका, ना पट्टा. मागच्या चाकांच्या भुजांमध्ये नीडल बेअरिंग असतात, आणि तिथे पाणी शिरून ती झिजणे हा प्यूजोच्या या पिढीचा जगभर ठाऊक असलेला दोष. जिथे पाऊस तीन हजार मिलिमीटर पडतो, तिथे त्याचे काय होणार, हे सांगायला नको.

तक्रार घेऊन जायचे कोणाकडे? कंपनीच्या विक्रेत्यांची सेवा वाईट, ही ओरड मुंबईसारख्या शहरातही होती. रत्नागिरीच्या मालकाने मुंबई गाठायची म्हणजे तेच तीन घाट. फिएटचा भाग एसटीने येई. प्यूजोचा भाग मुंबईच्या बाजारातच नसे, तो परदेशातून येण्याची वाट पाहायची. किमतीने आलिशान असलेली मोटार एका रबरी पट्ट्यापायी अंगणात ताडपत्रीखाली पडून राहणे, ही त्या मालकाची खरी व्यथा. फिएटवाला शेजारी तिच्यासमोरून खडखडत निघून जाई, हे त्यावर मीठ.

तिकडे कल्याण-कुर्ल्यात काय चालले होते? प्रीमियरच्या कामगारांमध्ये डॉ. दत्ता सामंत यांच्या संघटनेचा मोठा प्रभाव होता. सामंत मूळचे मालवणजवळच्या देवबागचे. १९८१ साली सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत तो मुलूख रत्नागिरी जिल्ह्यातच मोडे. गिरणी संपाचे पुढारी म्हणून इतिहास त्यांना ओळखतो, पण अभियांत्रिकी कारखाने हे त्यांचे आधीचे रणांगण. १६ जानेवारी १९९७ रोजी पवईत त्यांची हत्या झाली. कल्याणचा कारखाना त्या काळात कामगार-असंतोषाने ग्रासलेला होता आणि उत्पादन वारंवार खोळंबत होते. कामगारांची बाजू मोटारमालकांच्या रागात हरवून जाते, म्हणून हेही नोंदवले पाहिजे: नव्या यंत्रांनी आणि नव्या भागीदारांनी आपल्या नोकऱ्यांचे काय होणार, हा प्रश्न त्यांच्यासाठी पोटाचा होता.

प्रीमियरने त्याच सुमारास आणखी एक घोडा जोडला. जुन्या मित्राशी, फिएटशी, नवा करार करून ‘उनो’ ही छोटी गाडी जाहीर केली. १९९६ साली तिच्यासाठी सुमारे २ लाख ९० हजार लोकांनी पैसे भरून नोंदणी केली. एवढ्या गाड्या बनवण्याची ताकद कंपनीत नव्हतीच. प्यूजोला वाटले, आपला भागीदार दुसऱ्याच्या लग्नात रमला आहे. फ्रेंचांचा हा राग अगदीच अनाठायी म्हणता येत नाही. पण दूरच्या गावच्या गिऱ्हाइकापर्यंत सेवा पोहोचवण्याची व्यवस्था त्यांनीही कधी उभारली नव्हती. १९९७ साली प्यूजोने काढता पाय घेतला. उनोचा कारभार फिएटने आपल्या ताब्यात घेतला.

मागे राहिले ते गिऱ्हाईक, आणि ते दोन प्रकारचे होते. काहींनी पैसे भरले होते, पण गाडी मिळालीच नाही. त्यांना अनामत परत मिळवण्यासाठी हेलपाटे घालावे लागले. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा होता, त्याखाली दाद मागता येई. पण रिकाम्या तिजोरीसमोर निकालपत्राचे बळ किती चालणार? दुसरे ते, ज्यांना गाडी मिळाली. त्यांच्या हाती असलेल्या मोटारीला आता ना कारखाना होता, ना विक्रेता. जुन्या बाजारात तिचे मोल कोसळले. पुष्कळ गाड्या सुट्या भागांसाठी दुसऱ्या गाड्यांच्या पोटी गेल्या. दोन मोडून एक चालती करायची, असा हिशेब.

यातून एक वाट निघाली, ती कोणीही योजलेली नव्हती. १९९८ नंतर मारुतीने आपल्या झेन आणि एस्टीम या गाड्यांच्या डिझेल आवृत्त्या काढल्या. त्यांत बसवलेले इंजिन प्यूजोचे होते, तेच १,५२७ सीसीचे, ३०९ च्या पोटात होते त्याच जातीचे. मारुतीचे जाळे देशभर पसरलेले. ज्या इंजिनाकडे पाहून गावोगावचे मेकॅनिक हात वर करीत, ते आता त्यांच्या रोजच्या ओळखीचे झाले. डिझेल ३०९ ज्यांनी तोवर टिकवली होती, त्यांना उशिरा का होईना, हा आधार मिळाला. पेट्रोलवाल्यांच्या नशिबी तोही नव्हता.

प्रीमियरने २००९ साली चिंचवडला ‘रिओ’ ही छोटी गाडी बनवायला घेतली, तेव्हा तिच्यातही आरंभी हेच प्यूजोचे डिझेल इंजिन होते. प्यूजोच्या समूहाने २०१७ साली ८० कोटी रुपये मोजून हिंदुस्थान मोटर्सकडून ‘अँबॅसिडर’ हे नाव विकत घेतले. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या जागेवर आज कोहिनूर सिटी ही वसाहत उभी आहे.

पद्मिनीचे उत्पादन शतकाच्या वळणावर थांबले. मुंबईतली अखेरची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून उतरली. तोवर सीएसटी रस्त्यावर तिचे भाग मिळत होते.