वाळा, घन आणि मलय : गंधशास्त्राच्या परंपरेत मराठी टीकेचे स्थान

सुगंधाच्या इतिहासकारापुढील मूळ अडचण ही की त्याचा विषयच शिल्लक राहत नाही. मंदिर उरते, नाणे उरते, भित्तिचित्राचा रंगही पुसट का होईना उरतो. गंध मात्र विरून जातो. मागे राहतात ती द्रव्यांची नावे, त्यांची प्रमाणे आणि ती सिद्ध करण्याच्या क्रियांची वर्णने. त्यामुळे भारतीय गंधशास्त्राचा इतिहास मोठ्या अंशाने शब्दांचा इतिहास ठरतो. या शब्दांचा उलगडा कोणी आणि कोणत्या भाषेत केला, हा प्रश्न म्हणूनच तौलनिक साहित्याभ्यासाच्या कक्षेत येतो.

वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’तील (सहावे शतक) गंधयुक्तीचा अध्याय येथे प्रारंभबिंदू मानता येईल. ‘गंधार्णव’ या योगसमूहात सोळा द्रव्ये सांगितली असून त्यांतील कोणतीही चार एक, दोन, तीन व चार भाग या प्रमाणात घ्यावयाची आहेत. सोळांतून चार निवडण्याचे प्रकार १,८२० होतात. भागांच्या अदलाबदलीचे भेद धरून वराहमिहिर गंधांची संख्या १,७४,७२० वर नेतो. गणिताच्या इतिहासात हे उदाहरण प्रसिद्ध आहे. परंतु त्याच ठिकाणी तो एक अपवादही नोंदवितो : धन्यांचा गंध अतिशय उग्र असल्यामुळे त्यांचा भाग नेहमी एकच असावा आणि कापूर त्याहूनही कमी घ्यावा. संख्येने जे शक्य ठरते ते नाकाला मान्य होतेच असे नाही, याची ही जाणीव आहे. शास्त्र आणि अनुभव यांतील हा ताण या परंपरेत आरंभापासून दिसतो.

याच अध्यायात पुढे सोळा द्रव्यांचा चार-चार घरांचा एक चौरस येतो. त्याच्या प्रत्येक ओळीत व स्तंभात भागांची बेरीज अठरा भरते. हे आकडे अंकांनी दिलेले नाहीत. वेद म्हणजे चार, ऋतू म्हणजे सहा, दहन म्हणजे तीन, चंद्र म्हणजे एक, असे ते काव्यसंकेतांतून उलगडावे लागतात. द्रव्यांच्या नावांचेही तसेच आहे. चंदनासाठी ‘मलय’ हे पर्वताचे नाव योजले आहे, एका सुगंधी निर्यासासाठी ‘तुरुष्क’ हे लोकसमूहाचे. ‘घन’ म्हणजे मेघ नव्हे, तर नागरमोथा. ‘नख’ हे नख नसून समुद्रातील शंखवर्गीय प्राण्याच्या शिंपल्याचे झाकण आहे. व्यापारमार्गांचा भूगोल आणि कवींचा पर्यायकोश या नावांत एकत्र नांदतात. असा पाठ वाचणारा सुगंधकार आधी काव्याचा जाणकार असावा लागे.

मात्र येथेच धोकाही संभवतो. ‘गंधार्णवा’च्या यादीत ‘वालक’ आणि ‘उशीर’ ही दोन स्वतंत्र द्रव्ये आहेत. मराठीत ‘वाळा’ या नावाने सामान्यतः उशीरच ओळखले जाते. वालक ही बहुधा ‘काळा वाळा’ म्हणून परिचित असलेली निराळी वनस्पती होय. ध्वनिसाम्यावर विसंबून दोहोंचे भाषांतर ‘वाळा’ असे केल्यास सोळांतील एक द्रव्य नाहीसे होते आणि सारे गणितच कोसळते. काव्याच्या भाषांतरात अर्थच्छटा हरवते. येथे मात्र पदार्थच हरवतो.

या पार्श्वभूमीवर परशुराम कृष्ण गोडे यांच्या कार्याचे महत्त्व लक्षात येते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात हस्तलिखितांची व्यवस्था पाहणाऱ्या गोडे यांनी १९४०च्या दशकात गंगाधराचा ‘गंधसार’ आणि अज्ञातकर्तृक ‘गंधवाद’ हे ग्रंथ अभ्यासकांपुढे आणले. यांपैकी ‘गंधवादा’वर जुन्या मराठीत टीका आहे. गोडे यांनी तिचा काळ स्थूलमानाने इ.स. १३५० ते १५५० असा मानला. पुढे १९८९ मध्ये रा. तु. व्यास यांच्या संपादनात हे दोन्ही ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले.

‘गंधसारा’त भावन, पाचन, बोध, वेध, धूपन व वासन या सहा क्रिया सांगितल्या आहेत. चूर्णाला द्रवाची भावना देणे, ते पक्व करणे, कस्तुरी-कापरासारख्या तीव्र द्रव्यांनी गंध जागविणे, धुरी देणे, फुलांच्या सहवासात ठेवणे, असा हा व्यवहार आहे. त्यातील वेध आणि बोधन या संज्ञा रसशास्त्रातही आढळतात. फुलांनी तीळ सुवासित होण्याचा दृष्टांत तर बौद्ध विज्ञानवादाने ‘वासना’ या संकल्पनेसाठी योजला. कारागिराची परिभाषा आणि तत्त्वचिंतकाची परिभाषा यांच्यातील ही देवाणघेवाण स्वतंत्र अभ्यासाची अपेक्षा करते.

मराठी वाङ्मयेतिहासाने प्राचीन गद्याचा विचार प्रामुख्याने ‘लीळाचरित्रा’दी महानुभाव ग्रंथांच्या आधारे केला आणि तो योग्यच होता. तथापि द्रव्य, क्रिया आणि प्रमाण यांविषयी लिहिणारे गद्यही मराठीत होते, याची साक्ष ‘गंधवादा’ची टीका देते. संस्कृत पद्य जे नाव झाकते ते देशी गद्यात उघडावे लागते. टीकाकाराने केलेली प्रत्येक ओळख बरोबर असेलच असे नव्हे. पण चूक करण्याची जोखीम त्याने पत्करली, आणि विद्या हस्तांतरित होते ती अशाच जोखमीतून. पुढे अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’तही सुगंधी द्रव्यांची नोंद झाली, तीही दरांसह आणि फार्सीत. आज मराठीत ‘उटणे’ व ‘परिमळ’ यांच्याशेजारी ‘अत्तर’ व ‘अर्गजा’ हे शब्द नांदतात, ते या दुहेरी वारशामुळे.

जुन्या योगांतील काही द्रव्ये आता प्रयोगासाठीही सहज घेता येत नाहीत. कस्तुरीमृगाला १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने संरक्षण दिले; त्याच्या गंधाची रासायनिक ओळख त्याआधीच, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पटली होती. रेणू प्रयोगशाळेत घडविता येतो, परंतु धन्यांचा एकच भाग का घ्यावा हे तो रेणू सांगत नाही. ते पाठात आणि त्याच्या टीकेतच शोधावे लागते. ‘गंधवादा’ची मराठी टीका संस्कृत ग्रंथाच्या तळटीपेत ठेवून भागणार नाही, ते याच कारणाने.