'शिक्षा' या शब्दाविषयी



मागच्या व्याख्यानानंतर चहा घेताना एका श्रोत्यांनी आम्हाला विचारलं, "सर, हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. मग मराठीतच ती छडी कशी काय झाली?" प्रश्न गमतीचा होता. 'सर्व शिक्षा अभियान' ही केंद्राची योजना आली, आपल्याकडच्या शाळांच्या भिंतींवर ते नाव रंगवलं गेलं, तेव्हा ही गंमत पुष्कळांनी केली होती. आम्हीही केली. पण घरी गेल्यावर प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून आज ठरलेला विषय थोडा बाजूला ठेवतो.

आधी एक दुरुस्ती. हे 'मराठीतच' झालेलं नाही. कन्नडमध्ये 'शिक्षे' म्हणजे दंडच. तेलुगू आणि मल्याळममध्येही तेच. गुजरातीतही शिकण्यासाठी 'शिक्षण' आणि भोगण्यासाठी 'शिक्षा' अशी आपल्यासारखीच वाटणी आहे. हिंदीला दंडासाठी फारसीतून आलेला 'सजा' शब्द मिळाला, त्यामुळे तिची शिक्षा शाळेतच राहिली.

आता मुळाकडे जाऊ. संस्कृतात 'शक्' असा धातू आहे. शक् म्हणजे जमणं, समर्थ असणं. शक्य, शक्ती हे शब्द त्यातलेच. इंद्राला 'शक्र' म्हणतात तेही त्यातूनच. संस्कृतात धातूपासून इच्छा दाखवणारं रूप करता येतं. 'पा' म्हणजे पिणं, त्याची पिपासा. 'ज्ञा' म्हणजे जाणणं, त्याची जिज्ञासा. तसं 'शक्'पासून 'शिक्ष्' होतं. म्हणजे शिक्षा हा शब्द पिपासेच्या कुळातला. आपल्याला हे जमावं, यावं, अशी जी तहान लागते ती शिक्षा. पुढे धातुपाठात 'शिक्ष्' हा विद्या घेण्याच्या अर्थाने स्वतंत्र धातू म्हणूनच दिला आहे, त्यामुळे हे नातं चटकन दिसत नाही.

ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात बेडकांचं एक सूक्त आहे. पहिला पाऊस पडतो, तळ्यातले बेडूक ओरडायला लागतात. एक ओरडला की दुसरा तसाच सूर लावतो. कवीला ते पाहून गुरूच्या मागून पाठ म्हणणारा शिष्य आठवतो. आम्हाला वाटतं, आपल्याकडच्या वर्गाचं हे सर्वात जुन्या चित्रांपैकी एक असावं, आणि ते बेडकांच्या निमित्ताने यावं यात कवीची थोडी थट्टाही असावी! पण शब्द बघा. गुरूसाठी तिथे शब्द आहे 'शाक्त', म्हणजे ज्याला जमलेलं आहे तो. शिष्यासाठी आहे 'शिक्षमाण', म्हणजे ज्याला जमवायचं आहे तो. दोघंही एकाच धातूतून आलेले. एक पोचलेला, एक वाटेवरचा. वरचा-खालचा असा भेद त्या शब्दांत तरी नाही.

पुढे हा शब्द एका शास्त्राचं नाव झाला. सहा वेदांगांत पहिलं नाव घेतात ते शिक्षेचं. शिक्षा म्हणजे उच्चाराचं शास्त्र. तैत्तिरीय उपनिषदाची पहिली वल्लीच शीक्षावल्ली आहे (तिथला 'शी' दीर्घ, आणि तो वैदिक प्रयोग असल्याचं शंकराचार्य भाष्यात सांगतात). वर्ण, स्वर, मात्रा, बल वगैरे गोष्टी त्यात येतात. विद्या लिहिलेली नव्हती, तोंडात होती. एक स्वर चुकला की तो पुढच्या पिढीला चुकलेलाच जाणार. तेव्हा उच्चाराची एवढी काळजी समजण्यासारखी आहे.

पण त्या काळजीबरोबर भीतीही आली. त्वष्ट्याची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. त्याला इंद्राला मारणारा मुलगा हवा होता. यज्ञात त्याने 'इंद्रशत्रू वाढो' असं म्हटलं, पण स्वर चुकवला. शेवटी द्यायचा आघात सुरुवातीला दिला. समास बदलला आणि 'इंद्राला मारणारा'च्या जागी 'इंद्र ज्याला मारणार तो' असा अर्थ झाला. वृत्र जन्मला आणि इंद्राकडून मारला गेला. व्याकरण का शिकावं हे सांगताना पतंजली ही गोष्ट सांगतो, पाणिनीय शिक्षेतही ती येते. म्हणजे चुकीच्या उच्चाराला देहान्त! शिक्षा शब्दाला दंडाचा अर्थ या गोष्टीतून आला असं आम्ही म्हणत नाही. तो आला शिकवण्यातूनच. आपण 'चांगला धडा शिकवीन' म्हणतो ना, तसा. शिवाय शेजारी 'शास्' धातू होताच. त्यातून शास्त्र आलं, शिष्य आला आणि शासनही आलं.

ग्रीकांचंही असंच झालं. 'पायडेया' म्हणजे मुलाला घडवणं, त्यांचा मोठा अभिमानाचा शब्द. पण हिब्रू धर्मग्रंथांचं ग्रीक भाषांतर करताना ताडनाचा अर्थ असलेल्या शब्दासाठी तोच वापरला गेला. लूकच्या शुभवर्तमानात पिलात येशूला फटके मारून सोडतो म्हणतो, तिथलं क्रियापद 'पायडेया'च्याच घरातलं आहे. लॅटिन 'डिसिप्लिना' शिकण्यातून निघाली आणि मठातल्या चाबकाचं नाव होऊन बसली.

आपल्याकडे शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला. त्याच्या सतराव्या कलमाने मुलांना शारीरिक शिक्षा करायला आणि मानसिक त्रास द्यायला बंदी केली. मराठीत त्या कायद्याच्या नावात 'सक्तीच्या' असा शब्द आहे. ही 'सक्ती' आपल्या शक्तीची बहीण वाटते, पण नाही. ती फारसी 'सख्त'मधून आली.

आमच्या वेळी हा कायदा नव्हता. प्राध्यापकी मिळण्याआधी एक वर्ष आम्ही तालुक्याच्या गावी एका हायस्कुलात मराठी शिकवलं. आठवीतला एक मुलगा धडा वाचताना 'पानी', 'कोनी' असं वाचायचा. त्याच्या घरी तसंच बोलत. आम्ही त्याला उभं करून 'पाणी' दहा वेळा म्हणायला लावलं. दहाही वेळा चुकला. वर्ग हसत होता. मग दोन छड्या मारल्या. बाविशीचे होतो, नुकतंच व्याकरण वाचून आलो होतो, आणि आपण भाषेची सेवा करतोय असं खरोखर वाटत होतं.

पुढच्या आठवड्यात वाचायची पाळी त्याच्यावर आली. तो उभा राहिला आणि म्हणाला, "सर, पुस्तक नाय आनलं." पुस्तक दप्तरातून वर आलेलं दिसत होतं. आम्ही त्याच्या शेजारच्याला वाचायला सांगितलं. वर्षभर त्याचं पुस्तक रोज घरी राहिलं.