वेशीबाहेरचें द्यूत

कौटिल्यानें आपल्या अर्थशास्त्रांत द्यूताध्यक्ष नांवाचा एक अधिकारी सांगितला आहे. जुगार समूळ नाहींसा करण्याच्या भरीस तो राजनीतिज्ञ पडला नाहीं. जुगार राजानें नेमलेल्या एकाच ठिकाणीं व्हावा, अन्यत्र खेळणारास बारा पण दंड व्हावा, आणि जिंकलेल्या द्रव्यांतून शेंकडा पांच अध्यक्षानें घ्यावे, एवढीच त्याची व्यवस्था. मनूचें मत याच्या अगदीं उलट. राजानें द्यूताला आपल्या राष्ट्रांत थाराच देऊं नये, असें तो बजावतो. नियमन कीं निषेध, या दोन मतांमध्यें जगांतील सरकारें आजवर हेलकावे खात आलीं आहेत. परंतु फासे टाकणारा एका राज्यांत आणि द्यूतगृह दुसऱ्या राज्यांत, हा प्रसंग या दोघांहि शास्त्रकारांपुढें आला नाहीं. आज तो घरोघर आला आहे. विद्यार्थ्याच्या खिशांतील मोबाईल हेंच द्यूतगृह झालें असून त्याचा मालक कोणत्या बेटावर बसला आहे, हें मुलाच्या बापाला ठाऊक नसतें.

हा पेंच इंटरनेटनें निर्माण केला असें पुष्कळांस वाटतें. आमच्या मतें तो निदान सव्वाशें वर्षांचा जुना आहे. अमेरिकेंतील लुइझियाना राज्यानें १८६८ सालीं एका लॉटरी कंपनीस पंचवीस वर्षांची सनद दिली. मोबदल्यादाखल कंपनीनें न्यू ऑर्लीन्स येथील धर्मार्थ रुग्णालयास दरसाल चाळीस हजार डॉलर द्यावे, असें ठरलें. सोडतीवर लोकांचा विश्वास बसावा म्हणून यादवी युद्धांत नांव मिळविलेले दोन सेनापति देखरेखीस बसविण्यांत आले. लुइझियानाची लोकसंख्या ती किती! पण टपालाच्या आधारें तिकिटें देशभर जाऊं लागलीं आणि इतर राज्यांचे निषेधाचे कायदे लंगडे पडले.

अखेर १८९० सालीं मध्यवर्ती सरकारनें लॉटरीला टपालाचा मार्ग बंद केला. दोन वर्षांनीं खुद्द लुइझियानाच्या मतदारांनीं सनद वाढविण्यास नकार दिला. तेव्हां कंपनीनें आपलें बिऱ्हाड मध्य अमेरिकेंतील होंडुरास देशांत हलविलें! गिऱ्हाइकें जुनींच; पत्ता तेवढा नवा. तिकिटें आतां टपालाऐवजीं खाजगी मालवाहू कंपन्यांच्या हातून फिरूं लागलीं. १८९५ च्या कायद्यानें हीहि वाट अडविली. पुढें पॅराग्वे देशांतील एका लॉटरीच्या तिकिटांची पेटी टेक्ससहून कॅलिफोर्नियास रवाना केल्याचें प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढें आलें, आणि १९०३ सालीं पांच विरुद्ध चार अशा मतांनीं तो कायदा वैध ठरला. यांतील मर्म ध्यानांत घेण्यासारखें आहे. होंडुरासांतल्या मालकाच्या मुसक्या अमेरिकेस आवळतां येत नव्हत्या. तिकीट वाहून नेणाराचा हात मात्र तिला धरतां येत होता.

हाच प्रसंग आमच्या मुंबईवरहि येऊन गेला. मागल्या पिढींतील वाचकांस शब्दकोड्यांच्या बक्षीसस्पर्धांचें वेड आठवत असेल. मुंबई सरकारनें १९४८ सालीं अशा स्पर्धांवर नियंत्रण व कर बसविणारा कायदा केला. परंतु प्रांताबाहेर छापलेलीं वर्तमानपत्रें त्यांतून सुटलीं. ही पळवाट १९५२ च्या दुरुस्तीनें बुजविली, तेव्हां बंगलोरास छापलेल्या पत्रांतून कोडीं चालविणारे चमारबागवाला न्यायालयांत गेले. १९५७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, जुगार हा व्यापारच नव्हे, म्हणून व्यापारस्वातंत्र्याचें संरक्षण त्यास नाहीं. पत्र बंगलोरचें असलें तरी तें मुंबईंत खपतें आणि प्रवेशपत्रें व फी गोळा करणारीं केंद्रें मुंबईंत आहेत; सबब मुंबईच्या कायद्याचा हात तेथवर पोंचतो. येथेंहि हातीं लागला तो फी गोळा करणाराच.

आतां अलीकडील प्रकरण पाहूं. अँटिग्वा व बार्ब्युडा हें कॅरिबियन समुद्रांतील चिमुकलें राष्ट्र. लोकवस्ती सुमारें एक लाख. त्यानें १९९४ सालीं कायदा करून परदेशी गिऱ्हाइकांशीं व्यवहार करणाऱ्या धंद्यांस दार उघडलें आणि पुढें इंटरनेटवरील जुगाराच्या कंपन्यांस परवाने दिले. गिऱ्हाइकें मुख्यतः अमेरिकन. अमेरिकेनें तारेवरून पैजा घेण्यास बंदी करणाऱ्या १९६१ च्या कायद्याखालीं खटले भरले, तेव्हां २००३ सालीं अँटिग्वानें जागतिक व्यापार संघटनेकडे फिर्याद नेली. करमणुकीच्या सेवांना बाजार खुला ठेवण्याचें वचन अमेरिकेनें दिलें होतें. त्यांतून जुगार वगळावयाचें राहून गेलें होतें!

२००५ सालीं अपील मंडळानें मोठा मार्मिक निर्णय दिला. सार्वजनिक नीतीच्या रक्षणार्थ परक्यांचा जुगार अडविण्याचा अधिकार राष्ट्रास आहे, हें त्यानें मान्य केलें. परंतु घोड्यांच्या शर्यतींविषयींचा अमेरिकेचा १९७८ चा कायदा देशी कंपन्यांस दुरून पैजा घेऊं देतो असें दिसत होतें. नीतीचा नियम घरच्यांस व परक्यांस सारखाच लागू आहे, हें अमेरिकेस दाखवितां आलें नाहीं. अँटिग्वानें सालीना ३४४ कोट डॉलरांची मागणी केली. २००७ सालीं लवादानें २ कोट १० लक्ष मान्य केले, आणि तेहि रोख नव्हेत, तर अमेरिकनांचे बौद्धिक संपदेचे हक्क तेवढ्यापुरते तहकूब करण्याच्या रूपानें. २०१३ सालीं त्यास रीतसर संमति मिळाली. पण ती कागदावरच राहिली. अमेरिकेनें तर आपलें मूळचें वचनच मागें घेण्याची खटपट आरंभिली होती.

मग १९०३ सालीं साधलें तें एका शतकानंतर कां बिनसलें? आमच्या मतें याचें उत्तर अमेरिकेच्याच घरांत आहे. लुइझियानाची लॉटरी बुडाल्यापासून १९६४ पर्यंत तेथील एकाहि घटकराज्यानें स्वतःची लॉटरी चालविली नव्हती. घरचें दार लावलेलें होतें, म्हणून बाहेरच्यास मज्जाव करण्यास तोंड होतें. १९६४ सालीं न्यू हँपशायरनें तें दार उघडलें, मागोमाग इतरांनीं. २००६ च्या कायद्यानें बेकायदा जुगाराचा पैसा वाहणाऱ्या बँकांना अमेरिकेनें आवर घातला खरा, परंतु नीतीचें नांव सांगण्याचा तिचा आवाज पहिल्यासारखा राहिला नाहीं.

आमच्या संसदेनें ऑगस्ट २०२५ मध्यें पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांस बंदी करणारा कायदा मंजूर केला. परदेशांतून चालणाऱ्या खेळांनाहि तो लागू आहे, आणि जाहिरातदार व बँका यांनाहि तो धरतो. वाट अडविण्याची ही रीत इतिहासाच्या अनुभवास धरून आहे, म्हणून आम्ही तिचें स्वागत करतों. परंतु १९६९ सालीं महाराष्ट्र सरकारनें स्वतःची लॉटरी काढली आहे, आणि मांडवी नदींत सरकारी परवान्यानें कॅसिनोच्या बोटी उभ्या राहिल्या आहेत. त्या पैशानें लोकहिताचीं कामें होतात असें कोणी म्हणेल. न्यू ऑर्लीन्सच्या रुग्णालयासहि चाळीस हजार डॉलर मिळत होतेच. देशभरच्या गरिबांच्या घरांतून ते येत होते, एवढेंच. खेळणारा मुलगा बापाला विचारील, परक्याच्या बेटावर जें पाप तें आपल्या नदींत पुण्य कसें? त्या बापाला उत्तर देतां यावें, एवढी तजवीज तरी कायदा करणारांनीं केली पाहिजे.