रूपकुंडची हाडं किती जुनी?

साल १९४२. वनरक्षक मधवाल यांच्या मागोमाग तुम्ही गढवालमध्ये ५,०२९ मीटरवर पोचलाय. चार पावलं टाकली की धाप लागते. समोर रूपकुंड तलाव, म्हणजे बर्फ वितळून साचलेलं पाणी, आणि काठावर माणसांच्या हाडांचा खच.

एक हाड उचला. त्याला मांस चिकटलंय! शेजारच्या कवटीवर केस आहेत, पलीकडे चामड्याची चप्पल. खाली मैदानात, ऐन उन्हाळ्यात, उघड्यावरच्या प्रेताचा काही आठवड्यांत सांगाडा होतो. तो हिशेब इथे लावलात, तर ही माणसं परवा-तेरवाच मेली म्हणाल. महायुद्ध चालू आहे, त्यामुळे हे जपानी सैनिक तर नव्हेत, अशी धास्ती इंग्रजांना वाटतेय. त्यांना हसू नका. ऊब आणि किडे-माशी नसतील, तर प्रेत आपलं वय सांगत नाही.

आता मागे सरका, इसवी सन १८००च्या आसपास. याच उतारावर काही माणसं चालताहेत. त्यांचे पूर्वज पूर्व भूमध्य समुद्राकडचे, आजच्या ग्रीस-क्रीटच्या लोकांच्या जवळचे. यांच्या हाडांत बाजरी-नाचणीसारख्या भरड धान्याची खूण नाही. ही इथवर आली कशाला, हे विचारायची सोय नाही, कारण तुम्ही आणखी हजारेक वर्षं मागे फेकले गेलात.

नववं शतक. डोक्यावर गारा आदळताहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे पुढे काही कवट्यांवरच्या, वरून बसलेल्या गोलसर खोका पाहून हेच म्हणणार आहेत.

पण सगळे एकाच वादळात गेले, ही गोष्ट कितीही रंगतदार असली तरी २०१९नंतर टिकत नाही. त्या वर्षी ३८ जणांची हाडं तपासून झाली. माणूस मेला की त्याच्या शरीरात नवा कार्बन जात नाही. असलेला कार्बन-१४ दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो. हाडातल्या कोलॅजेनमध्ये तो किती उरलाय, ते मोजलं. वंश मात्र हाडांतल्या डीएनएवरून ठरला. २३ जण भारतीय वंशाचे निघाले, सातव्या ते दहाव्या शतकातले, आणि तेही एकाच वेळी गेलेले नाहीत. १४ भूमध्यसागरी वंशाचे, एक आग्नेय आशियाई. हे पंधरा जण अलीकडचे. मधवालांच्या पायाशी मात्र सगळ्यांची सरमिसळ झाली होती.