रत्नांना पुन्हा पैलू पाडताना

त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानातील ‘नासक’ हिरा पेशवाईच्या अखेरीस, १८१८ मध्ये, इंग्रजांच्या हाती लागला. तेव्हा त्याचे वजन सुमारे ९० कॅरेट होते. लंडनच्या रंडेल अँड ब्रिज या जवाहिऱ्यांनी भारतीय कारागिराचा मूळ घाट बराचसा राखून त्याला नव्याने पैलू पाडले. त्यात वजन सुमारे एक दशांशाने घटले. पुढे १९४० मध्ये अमेरिकी जवाहीर हॅरी विन्स्टन यांनी त्याला आयताकृती ‘एमराल्ड कट’ दिला आणि ४३.३८ कॅरेटचा हिरा उरला. तेज वाढले, पण देवस्थानातील हिऱ्याचे मूळ रूप कायमचे गेले.

आजीच्या अंगठीतील माणिक किंवा नीलम नव्या दागिन्यासाठी काढताना हाच प्रश्न छोट्या प्रमाणावर उभा राहतो: वजन राखायचे की तेज वाढवायचे?

पुन्हा पैलू पाडण्याची कारणे साधारणतः तीन असतात. पहिले म्हणजे झीज. हवेतील धुळीत स्फटिकाचे कण असतात. मोह्स मापनश्रेणीवर त्यांची कठिणता ७ आहे. त्यामुळे पेरिडॉटसारखे मऊ खडे नुसत्या पुसण्यानेही हळूहळू निस्तेज होतात. कठिणता ९ असलेल्या माणिक-नीलमांच्या पैलूंच्या कडाही वर्षानुवर्षांच्या वापराने बोथट होतात. दुसरे कारण म्हणजे कोपरा उडणे वा टवका निघणे. तिसरे, आणि सर्वांत महत्त्वाचे, म्हणजे मूळ पैलूंचे चुकलेले कोन.

रत्नात शिरलेला प्रकाश तळाच्या पैलूंवरून परावर्तित होऊन वर आला, तरच रत्न झळकते. त्यासाठी तळाचे पैलू त्या रत्नाच्या क्रांतिक कोनाला अनुसरून असावे लागतात. हा कोन हिऱ्यासाठी सुमारे २४, नीलमासाठी ३४ आणि स्फटिकासाठी ४० अंश असतो. तळ फार उथळ असेल, तर प्रकाश आरपार जातो आणि खड्याच्या मध्यभागी काचेसारखी ‘खिडकी’ दिसते. ती घालवण्यासाठी तळाचा उतार वाढवावा लागतो. साहजिकच खड्याची रुंदी आणि वजन घटते.

प्रत्यक्ष कामात खडा कोंदणातून काढून स्वच्छ करतात, तोलतात आणि दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून तपासतात. मग तो लाखेने वा गोंदाने दांडीच्या टोकाला चिकटवून, हिऱ्याची भुकटी लावलेल्या फिरत्या तबकडीवर ठरावीक कोनात घासतात. शेवटी अधिक बारीक भुकटीने चकाकी आणतात.

धोकेही लक्षात घ्यावेत. नीलमाचा रंग पुष्कळदा एखाद्या पट्ट्यातच साठलेला असतो. तो पट्टा घासला गेला, तर खडा फिका पडतो. काही नीलमांचा रंग कृत्रिम प्रक्रियेने केवळ पृष्ठभागाजवळ आणलेला असतो. तेथे घासणे म्हणजे रंगच गमावणे. पाचूतील भेगा बहुधा तेलाने भरलेल्या असतात आणि काही माणकांतील भेगा काचेने. घासताना निर्माण होणारी उष्णता व दाब अशा खड्यांना सोसत नाही. म्हणून आधी रत्नपरीक्षण प्रयोगशाळेत तपासणी करून घेणे श्रेयस्कर. काम झाल्यावर जुने प्रमाणपत्र लागू राहत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

येथेच हाताने घडवलेल्या दागिन्याचे खरे महत्त्व आहे. साच्यातून काढलेल्या तयार कोंदणात ठरावीक मापाचेच खडे बसतात. त्यामुळे केवळ माप जुळवण्यासाठी चांगल्या रत्नाचे वजन वाया जाते. कसबी सोनार मात्र खड्याच्या घाटानुसार कोंदण घडवतो. टवका उडालेली कडा तो सोन्याच्या पट्टीखाली झाकू शकतो आणि आकडे सुरक्षित जागी बसवू शकतो. अनेकदा पैलूंना केवळ नवी चकाकी देऊन भागते. घडणावळ थोडी अधिक पडली, तरी रत्न वाचते.

त्यामुळे जुना खडा कारागिराच्या हाती देण्यापूर्वी त्याचे वजन, मापे आणि छायाचित्र नोंदवून ठेवावे, किती वजन घटेल याचा अंदाज लेखी घ्यावा आणि दागिन्याचा आराखडा आधी पक्का करावा. सोने चुकले तर पुन्हा वितळवता येते. रत्नाचा घासला गेलेला कण मात्र परत जोडता येत नाही.