१९५९ सालची दोन पुस्तके

दिवाळीच्या सुट्टीआधी मुलांना घेऊन शिवाजी विद्यापीठातले वि. स. खांडेकर स्मृती संग्रहालय पाहायला गेलो होतो. परतताना एका पोराने विचारले, "सर, तुमीबी त्यांचंच वाचून लिवायला लागलासा व्हय?"

"होय," म्हणालो खरा. पण ते उत्तर पुरते खरे नव्हते.

खांडेकर १९२० साली शिरोड्यास शिक्षक म्हणून गेले. त्याच गावच्या मिठागरांवर १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला. १९३८ साली ते कोल्हापुरास आले, आणि ऐन बेचाळीसच्या धामधुमीत 'क्रौंचवध' निघाली. त्यांच्या ध्येयवेड्या नायकांनी वाचकांची एक पिढी भारून टाकली. लिहिणाऱ्यांनी मात्र उचलली ती बहुतेक भाषाच: उपमा, रूपके, सुभाषिते. मीही, फार उशिरा, तेच केले. माझ्या पहिल्या कादंबरीत गुऱ्हाळावरचा गडी चांदण्याशी कवीसारखा बोलत बसतो! आमच्या सौभाग्यवतींनी वाचून एवढेच विचारले, "हा चुलवाणात जाळ कधी घालतो?"

बेचाळीसनंतर दहा वर्षांहून अधिक काळ खांडेकरांची नवी कादंबरी आली नाही. मधे स्वातंत्र्य आले. मग १९५९ साली 'ययाति' आली; सारे मिळूनही न शमणाऱ्या भोगलालसेची ती कथा. पुढे तिच्यामुळे मराठीला पहिले ज्ञानपीठ लाभले. पण वाचकहो, मला त्याच सालचे दुसरे पुस्तक अधिक मोलाचे वाटते. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' तेव्हाच निघाली, आणि तिला प्रस्तावना होती खांडेकरांची! इकडे राजा ययाती, तिकडे इंग्रजी अमलात भुकेल्यांसाठी धान्य लुटणारा मातंग वीर. भाषा जुळत नाही, नायक जुळत नाही. आपल्यासारखे मुळीच न लिहिणाऱ्यासाठी खांडेकरांनी लेखणी उचलली. आम्हा नक्कल करणाऱ्यांना हे कुठे सुचले?

पुढे १९८७ साली कागलच्या आनंद यादवांची 'झोंबी' आली. शाळेसाठी बापाशी झुंजणारे कुणब्याचे पोर आपल्याच बोलीत बोलू लागले. खांडेकरी अलंकार तिथे औषधालाही नाहीत. शिक्षणाचा ध्यास मात्र त्या जुन्या ध्येयवेड्यांच्या जातीचाच आहे.

सुट्टीपूर्वीच्या शेवटच्या निबंधात त्याच पोराने लिहिले होते, 'आमची म्हस रातच्याला याली.' तांबडे पेन उघडले होते. तसेच मिटून खिशाला लावले आणि पुढचे ओळीओळीने वाचत गेलो.