ज्यूकबॉक्समधील नाणे

मुंबईच्या इराणी हॉटेलांतील ज्यूकबॉक्सविषयी मराठीत आत्मीयतेने लिहिले गेले आहे. त्यात पडलेले नाणे पुढे कोणाच्या पदरी जाई, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला. व्यवसायाच्या ठिकाणी ध्वनिमुद्रित गाणे वाजते तेव्हा दोन निराळे हक्क गुंतलेले असतात : एक ध्वनिमुद्रणाचा, दुसरा त्यातील शब्दांचा व चालीचा. पहिल्यासाठी १९४१ मध्ये फोनोग्राफिक परफॉर्मन्स लिमिटेड ही कंपनी निघाली. दुसऱ्यासाठी १९६९ मध्ये मुंबईत इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी. या सोसायटीने दरपत्रक प्रसिद्ध करताच चित्रपटव्यावसायिकांनी हरकती घेतल्या, आणि १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचीच बाजू उचलून धरली. मोबदला देऊन चित्रपटासाठी गीत वा चाल करवून घेतली, की एरवी करार नसल्यास निर्माताच तिचा पहिला स्वामी! गायकाला तर कायद्यात स्थानच नाही, याकडे न्या. कृष्ण अय्यर यांनी आपल्या स्वतंत्र टिपणात लक्ष वेधले. गायकांना मानधनापलीकडे स्वामित्वधन मिळावे, हा लता मंगेशकरांचा आग्रह त्याआधीचा, साठच्या दशकातला. महंमद रफींशी त्यांचा बेबनाव झाला तो याच मुद्द्यावर. १९९४ च्या दुरुस्तीने कलावंतांचे हक्क मान्य केले. गीतकार-संगीतकारांना आपला स्वामित्वधनाचा वाटा निर्मात्याला लिहून देता येऊ नये, ही तरतूद व्हायला मात्र २०१२ साल उजाडावे लागले. परवाना देण्याचा अधिकार कोणाचा, हा वाद त्यानंतरही न्यायालयांत चालूच राहिला. नोंदणीकृत सोसायटी नसलेली कंपनीही हक्काची मालक म्हणून परवाने देऊ शकते, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये दिला, तर दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये निराळी भूमिका घेतली.